पाचांतला मधला

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे, आणि तोही मधला. घरबसल्या थिएटरचा आवाज यावा म्हणून पाच स्पीकरांचा संच मिळतो ना, त्यात दोघे पुढे, दोघे पाठीमागे आणि टीव्हीखाली आडवा पडलेला तो मी. गडगडाट, गाणी, घोड्यांच्या टापा ही दिमाखाची कामं भावंडांची. माझ्या वाट्याला माणसांचं बोलणं तेवढं आलं.

फिजीतल्या नौसोरी गावात देवनारायण यांच्या दुकानात आम्ही पाचही जण काचेमागे धूळ खात होतो. एके दिवशी आपेनिसा नावाचा बसचालक आला. त्याच्या टीव्हीचा स्वतःचा आवाज केव्हाच बसला होता, आणि खिसा बेताचा. देवनारायण सरळ माणूस. म्हणाले, "भाऊ, तुझी खोली एक, वर पत्रा. हा एकच पट्टीसारखा लांब स्पीकर घे. स्वस्त पडेल, वायरींचा गुंताही नाही. पाच घेऊन काय करशील?"

आपेनिसाने पट्टी ऐकली, मग आम्हाला ऐकलं. ऐकताना त्याने डोळे घट्ट मिटले होते. सिनेमात मागून एक बस भोंगा वाजवत आली, तर हा पठ्ठ्या चक्क बाजूला सरकला! देवनारायण हसले. आपेनिसा मात्र हसला नाही. हेच द्या म्हणाला. बायकोने विणून विकलेल्या चटयांचे पैसेही त्यात गेले.

घरी गेल्यावर मला सारं कळलं. त्याची बायको लोसालिनी हिची नजर साखरेच्या दुखण्याने गेली होती. शेजारीपाजारी कुणाला पत्ता नव्हता. चटईचं विणकाम बोटांच्या अंगवळणी पडलेलं, घरातली वाट पायांना पाठ. लोकांची कीव नको, म्हणून तिने नवऱ्याला कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती.

पहिल्या संध्याकाळी ती आमच्या मधोमध चटईवर बसली. जरा वेळाने तिने मान मागे वळवली. "अहो, मागच्या दाराने कुणीतरी आलंय. चोर दिसतोय मेला. आणि ही बाई डावीकडे रडतेय, तिचं लक्षच नाही!" आपेनिसा तोंडावर हात दाबून रडत होता. मित्रांनो, ती सिनेमा बघत होती. माझा जन्म सार्थकी लागला तो त्या संध्याकाळी.

आता त्या गावाची रीत ऐका. नातलगाने 'केरेकेरे' म्हणून काही मागितलं, तर नाही म्हणायचं नसतं, आणि दिलेलं परत मागायचंही नसतं. नाही म्हटलं की माणूस नात्यातून उतरतो. मागणाऱ्यांना तुम्ही वाईट म्हणाल, तर माझी शपथ आहे. वादळात पत्रा उडाला तेव्हा याच लोकांनी घर शाकारलं होतं, नजर जायच्या आधी लोसालिनी आजारी पडली तेव्हा तिला दवाखान्यातही यांनीच उचलून नेलं होतं.

पण एकच पट्टी असती, तर तिचा तुकडा कोणी मागितला असता का? आम्ही पडलो पाच. एक-दोन गेले तर काय बिघडतं, असं ज्याला त्याला वाटलं. आपेनिसाच्या चुलत बहिणीने, मिरिआमाने, लेकीच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी मागची जोडी नेली. ती जोडी गेल्यावर लोसालिनी मान वळवेनाशी झाली. मग नात्यातल्याच गाणाऱ्या मंडळींनी पुढची जोडी नेली. "सिनेमातले सगळे एकाच दारात दाटीवाटीने उभे राहिलेत, अहो," लोसालिनी म्हणाली, आणि तरी माझ्याकडे कान लावून बसली. माझा जीव तुटत होता. भावंडांचं काम मला कुठलं जमायला!

शेवटी तिचा थोरला भाऊ इसिकेली त्याच्या गावाहून होडीने आला. त्यांच्यात भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मान राखतात. म्हणून लोसालिनी पडद्याआड बसली. पुरुषांनी यंगोनाच्या मुळांचं पेय घेतलं, गप्पा झाल्या, आणि इसिकेली मुद्द्यावर आला. "दाजी, आमच्या चर्चमध्ये पाद्रीबुवा काय सांगतात ते मागे पोचत नाही. हा मधला स्पीकर आणि त्याचा आवाज वाढवणारा खोका, केरेकेरे."

आपेनिसा पहिल्यांदाच अडखळला. "हा राहू दे ना. घरात लागतो."

"अहो, टीव्ही कुठं मागतोय मी? चित्र तर दिसेल ना!"

आपेनिसाने पडद्याकडे पाहिलं. खरं काय ते त्याच्या ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. पण पडद्यामागून लोसालिनीच बोलली, नवऱ्याशी, हळूच. "द्या त्यांना. चित्र दिसतंय, तेवढं पुरे आपल्याला."

माझी वायर आपेनिसाने स्वतःच्या हाताने काढली. मला न्यायच्या आधी, जवळपास कुणाची चाहूल नाही हे कानांनी टिपून लोसालिनी बाहेर आली, तिने चाचपडत माझ्यावरून हात फिरवला, आणि ती आत गेली.

आता मी इसिकेलीच्या गावच्या चर्चमध्ये असतो. इथे माझं कौतुक आहे. इसिकेली स्वतः मला पुसतो. त्याला खरं कळलं असतं, तर त्याच रात्री होडी काढून त्याने मला परत नेलं असतं.

परवा आपेनिसा इथे आला होता. माझ्यासमोर बराच वेळ बसला. दिलेली वस्तू परत मागत नाहीत. इसिकेलीने विचारलं, "बहीण कशी आहे आमची?"

"बरी आहे," तो म्हणाला. "रोज टीव्ही बघते."

इसिकेलीला फार बरं वाटलं.

मित्रांनो, कुणाकडे काही मागाल तर आधी विचारा की ते त्या घरात कुणाला लागतं. आणि तुमच्याकडे कुणी मागितलं, तर भिडेपायी गप्प राहू नका. तुम्हाला तोंड आहे, जीभ आहे. माझ्यातून आजवर किती माणसं बोलली, पण मला स्वतःचं काही बोलता येत नाही. त्या दिवशी दाजी-मेहुण्यांच्या मध्ये मी होतो, आणि 'तिला दिसत नाही' एवढंसुद्धा मला सांगता आलं नाही.