व्हर्जिलची नवी मूठ

आमच्या केंटकीच्या डोंगरात म्हाताऱ्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली, तर तो चार दिवस अबोला धरतो. बंदूक काढून घेतली, तर अंथरूणच धरतो. व्हर्जिल स्टँपरकडून ती काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. बंदुका दुरुस्त करायला मी त्याच्याच हाताखाली शिकलो. हे दुकानही आधी त्याचंच.

त्याची बायको ओलेटाबाई त्याचं रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून घेऊन आली.

"रसेल, याला ती जाड रबरी मूठ बसव. हात थरथरतात, म्हणून केव्हाचा मागे लागलाय."

"बसवतो की. त्यात काय."

बाई काही उठेना. "आणि बसवताना असं काहीतरी कर, की हे उडणारच नाही. परवा जावयावर रोखलं त्यानं. अंगणात चोर शिरलाय म्हणाला."

"मग काढून घ्या ना त्याच्याकडून."

"तू घेशील?"

मी टॉवेल सोडायला लागलो. माणसांची नावं तो विसरायला लागला होता, पण झोपण्याआधी उशाखाली चाचपायचं विसरत नव्हता.

ती गेल्यावर मी स्क्रू काढून जुनी लाकडी मूठ उतरवली. त्याच्या पंजानं ती झिजून गुळगुळीत झाली होती. रबरी मूठ चढवली, स्क्रू आवळला, हलत नाही ना पाहिलं. मग काडतुसावर आपटणारं घोड्याचं टोक कानशीनं घासून टाकलं. ही कानस धरायला त्यानंच शिकवलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी बाई त्याला घेऊन आली आणि बाहेर गाडीतच बसून राहिली. मी रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. आमच्यात हत्यार हातात आलं की आधी उघडून बघायचं, देणारा सख्खा भाऊ का असेना. त्यानं उघडलं, रिकामं आहे हे पाहिलं, घोडा मागे ओढला.

"मूठ झकास बसवलीस, गाढवा." मग टोकावर त्याचा अंगठा थांबला. "हे कुणी घासलं?"

त्याच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "मी. बाईंनी सांगितलं."

त्यानं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "मला घाबरते ती?"

"हो."

तो स्टुलावर बसला. "बरं केलंस. मला कळलंय हे तिला सांगू नको. झोपू दे बिचारीला."

पुढच्या शनिवारी मूठ दाखवायला तो पुन्हा आला. सगळं विसरला होता. तोच अंगठा, तोच प्रश्न, तसाच पडलेला चेहरा. त्यानंतरच्या शनिवारीही तेच. दर वेळी तो ते पहिल्यांदाच ऐकायचा आणि दर वेळी मलाच ते सांगावं लागायचं. देवा, एकदाचं याला कळेनासं होऊ दे, असं मी मनात म्हणायला लागलो.

काल तो आला. उघडलं, घोडा ओढला, अंगठा टोकावरून सरळ पुढे गेला. मला हायसं वाटलं.

"मूठ छान बसवलीत तुम्ही," तो अदबीनं म्हणाला. "हात चांगला आहे तुमचा. कुणाकडे शिकलात?"

एवढं मी देवाकडे मागितलं नव्हतं.

"होता एक माणूस," मी म्हणालो. "याच दुकानात."