नेल्सी तुल्कानचं म्हणणं

"असं नका लिहू, काका." नेल्सीने टाइपरायटरवरच्या कागदावर हात ठेवला.

एलिएसेरकाका थांबले. पास्तो शहराच्या न्यायालयासमोरच्या कमानीखाली टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. "मग कसं लिहू? 'वडिलांना विस्मरणाचा आजार, त्यांची देखभाल करताना गुण घसरले.' खरं आहे ना?"

"खरं आहे. पण ताइता वाचतील ना."

शेजारच्या स्टुलावर बसून ताइता, म्हणजे तिचे वडील, समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचत होते. लाकडी पेट्यांवर मोपा-मोपा झाडाच्या डिंकाचे पातळ पापुद्रे ताणून बसवण्यात सेगुंदो तुल्कान यांचा जन्म गेला होता. आता मुलीचं नावही ते मधूनच विसरत, पण वाचायला विसरले नव्हते. हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नसत.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं. "एवढं काय लिहिताय?"

"कोणी नाही गेलं, ताइता. माझ्या कॉलेजचं काम आहे."

"ही नर्स होणार आहे," त्यांनी काकांना पुन्हा एकदा सांगितलं. "तुमचे डोळे दाखवा हिला. लाल दिसतायत."

"दाखवतो की. आधी पास तर होऊ द्या हिला," काका बोलून गेले आणि जीभ चावली.

नेल्सी इस्पितळात नर्सच्या हाताखाली मदतनीस होती. रुग्णांची अंगं पुसण्यात, चादरी बदलण्यात तरुणपण गेलं. पस्तिशीला आल्यावर तिने नर्सिंगच्या पदवीसाठी विद्यापीठात नाव घातलं. सुरुवात चांगली झाली. मग ताइता हरवायला लागले. एकदा बसस्थानकावर सापडले, एकदा शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, पिल्लांना गोष्ट सांगत. तिचे तास बुडू लागले. जीवरसायनशास्त्रात ती पुन्हा पुन्हा नापास झाली, सरासरी मर्यादेखाली गेली आणि विद्यापीठाचा ईमेल आला की ती यापुढे विद्यार्थिनी नाही. तिने फेरविचार मागितला, तेव्हा एका ओळीत नकार आला.

आता उरली होती तुतेला, वकिलाशिवाय थेट न्यायाधीशाकडे मागायची दाद.

"कारणच लिहिलं नाहीस तर हरशील, पोरी."

"मग एवढंच लिहा, की त्यांनी मला काही विचारलंच नाही."

काकांनी मान हलवली आणि तसंच लिहिलं.

न्यायाधीशबाईंनी निकाल दिला: विद्यापीठाला आपले नियम पाळण्याचा अधिकार आहे, नेल्सीला परत घ्या असं न्यायालय सांगणार नाही. मात्र तिचं म्हणणं समोर बसवून ऐकावं आणि कारणं देऊन नव्याने निर्णय करावा.

"अर्धं जिंकलीस," काका म्हणाले. "आता तिथे जाऊन तोंड उघड म्हणजे मिळवली."

सुनावणीच्या दिवशी ताइतांना सांभाळणारी शेजारीण मयताला गेली होती. नेल्सीने त्यांच्या अंगावर लोकरी रुआना चढवला आणि त्यांना बरोबरच नेलं.

लांब टेबलामागे प्राध्यापक बसले होते. कडेला क्लेमेन्सिया एरासो होत्या, तिला दर वेळी नापास करणाऱ्या. त्या कॉरिडॉरमधून चालल्या की पोरं भिंतीला चिकटत.

"इतक्या वेळा नापास झालात," अध्यक्ष म्हणाले. "काही कारण?"

नेल्सीने ताइतांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या नावांच्या पाट्या एकेक करून वाचत होते.

"अभ्यास कमी पडला, सर."

"बस्स? एवढ्यासाठी न्यायालयात गेलात?"

नेल्सीची नजर पुन्हा ताइतांकडे गेली. क्लेमेन्सियाबाईंनी चष्मा काढला. म्हातारा त्यांची पाटी वाचून संपवून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला होता. बाई उठल्या.

"बाबा, बाहेर कॉफी मिळते. येता माझ्याबरोबर?"

"साखर घालतात?"

"म्हणाल तेवढी."

"मग येतो."

दार लागलं. मग नेल्सी बोलली. दाराला आतून अडकवलेल्या साखळीबद्दल बोलली, ते खुराड्यापाशी सापडले त्या दुपारबद्दल बोलली. "परीक्षेत मोबाइल बंद असायचा, सर. तरी मला तो वाजतोय असं वाटायचं."

"मग हे आधी का नाही कळवलंत?"

"कळवायचं म्हणजे त्यांच्यावर ढकलायचं. ते काय मुद्दाम विसरतात?"

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं.

ती बाहेर आली तेव्हा कॉफीचे कप खिडकीत होते. ताइता आणि क्लेमेन्सियाबाई समोरासमोर उभे होते. डिंकाचा पापुद्रा ताणावा तशा दोघांनी चिमट्या धरल्या होत्या आणि मधे नुसती हवा होती.

"ओढू नको एवढं, फाटेल," ताइता सांगत होते. "हां, आता कसं! तूपण इथेच शिकतेस का?"

"हो, बाबा."

"नापास झालीस तर रडायचं नाही. माझी मुलगी शिकवेल तुला."

"बरं," बाई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत.

निर्णय आला. नियम तोच राहिला आणि नेल्सी बाहेरच राहिली. पण वर्षभराने तिला परत प्रवेश मिळणार होता, पास झालेले विषय धरले जाणार होते आणि जीवरसायनशास्त्राला आणखी एक संधी होती.

"म्हणजे जिंकलीस की हरलीस?" काकांनी विचारलं.

"ऐकलं त्यांनी, काका. सगळं ऐकलं."

ते वर्ष तिने ताइतांना दिलं. सकाळची ड्यूटी करायची आणि दुपारी त्यांना घेऊन चौकात उन्हाला बसायचं. ते कधी तिला आई म्हणत, कधी बाई. वर्ष सरत आलं असताना एका रविवारी सूप पिऊन ते खुर्चीतच झोपले आणि उठले नाहीत.

विद्यापीठ सुरू झालं. पहिलाच तास क्लेमेन्सियाबाईंचा होता. "तुल्कान, नेल्सी." "हजर." बाईंनी वर पाहिलं, तिचा सुतकाचा काळा स्वेटर पाहिला. चष्मा पुसून त्यांनी पुढचं नाव घेतलं.

तास सुटताच नेल्सीने वह्या पिशवीत कोंबल्या आणि सवयीने धावत जिना उतरली. फाटकाशी बस उभीच होती. तिने पायरीवर पाय ठेवला आणि तशीच थांबली.

"चढताय ना, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "घाई नाहीये मला."

बस गेली. ती वळून ग्रंथालयाकडे चालू लागली.