रोलरपुढची टिटवी

मित्रांनो, मी एक जुनी टिटवी आहे. इतकी जुनी, की जुन्नरकडचं हे धरण माझ्यादेखत भरलं. खोटं वाटत असेल तर बिबट्याला विचारा. एकदा तो उसातून माझ्या अंड्यांवर आला, तेव्हा मी त्याला टोचत टोचत नारायणगावच्या स्टँडपर्यंत पिटाळलं. शेवटी बिचारा राजुरीच्या जीपमध्ये मागच्या सीटवर अंग चोरून बसला.

माझा जन्म उघड्या दगडगोट्यांतला. टिटवीच्या घराला ना काडी, ना कापूस. जमिनीतला खळगा म्हणजे घर. ऊन तापलं की मी पाण्यात पोट भिजवते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. पाणकावळे, बगळे झाडांवर राहतात, त्यांचे फोटो निघतात. मी ओरडले की मात्र अपशकुन. म्हणोत बापडे.

चैत्रात हेच लोक मला शोधत येतात. टिटवीनं पाण्यालगत अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर पाणी तिथवर चढणार, अशी काठच्या शेतकऱ्यांची समजूत. पाण्याच्या मोटारी कुठं मांडायच्या, ते त्यावरून ठरतं.

यंदा पक्षी बघणाऱ्यांच्या गाड्या थेट पाण्यापर्यंत याव्यात म्हणून पक्ष्यांसाठी राखीव असलेल्या आमच्याच काठावर रस्ता निघाला. करडी खडी पसरली. माझी अंडीही तशीच करडी, ठिपक्यांची. मी रस्त्याच्या मधोमध चार घातली.

मग रोलर आला. तो चालवणाऱ्या सावळेरामच्या डोक्यावर मी झेपा घेतल्या, तर त्यानं डोक्यावर घमेलं घेतलं. मी चोचीनं घमेलं ठणाठणा वाजवलं, तरी रोलर पुढंच. तेव्हा मी अंड्यांपुढं पंख पसरून उभी राहिले आणि उडालेच नाही. रोलर थांबला.

मुकादम म्हणाला, अंडी उचलून कडेला ठेव. सावळेराम घुटमळला, माणसाचा हात लागला तर ही परत बसायची नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात काठावर काकडी लावणारी सारजाबाई आली. अंडी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"अगं बया, एवढ्या वर? औंदा पाणी हितवर येतंय."

झालं. दिवस मावळायच्या आत सगळ्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी रस्त्याच्या वरच्या अंगाला गेल्या आणि त्यांचे पाइप पाण्यापर्यंत रस्त्यावर आडवे पडले. मुकादम तणतणला. अंधश्रद्धा म्हणाला, वर कळवतो म्हणाला.

"कळवा की," सारजाबाई म्हणाली. "टिटवी उठली की पाइप उठंल. तवर च्या प्या."

खरं सांगू? पावसाचं मला काडीचं कळत नाही. मी खडीचा रंग बघून बसले होते. पण चार लेकरं पोटाखाली असताना लोकांचा गैरसमज मी कशाला दूर करू?

अंडी फुटली. गोट्याएवढी चार पिल्लं, ओली पिसं वाळताच, पाइपांवरून धडपडत पाण्याकडं पळाली. सगळ्यात धाकटं शेवटच्या पाइपाला अडलं. सावळेरामनं तो पाइप दोन्ही हातांनी वर धरला, ते खालून निघून गेलं.

मित्रांनो, रस्ता झाला. तुम्ही याल. या, पण खाली बघून चाला. ही विनवणी समजा नाहीतर दम समजा. काठ तुमचा आहे तेवढाच माझा आहे, आणि पुढच्या चैत्रात कुठं बसायचं, हे मी कुणालाही विचारणार नाही.