कारण अनिर्दिष्ट

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडाची, तोंड रबराचं आणि तोंडावर उलटी अक्षरं. कागदावर ती सुलटी उमटतात : 'रक्ततपासणी असामान्य – कारण अनिर्दिष्ट'. मित्रांनो, एवढं एकच वाक्य मला येतं. जन्मभर तेच बोललो. आज पहिल्यांदाच वेगळं काही सांगतोय, तेव्हा अडखळलो तर हसू नका.

मला घडवणारा शिक्केवाला भारी बोलघेवडा होता. माझी अक्षरं जुळवताना तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "साहेब, हे म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची! कारण सांगायचंच नाही, आणि वर शिक्का मारून सांगायचं!" गिऱ्हाईक खो खो हसलं. ते गिऱ्हाईक म्हणजे एका इस्पितळाच्या नोंदणी विभागातले मोठे बाबू.

तळमजल्यावरची लांबट खोली, लोखंडी मांडण्या आणि दोन टेबलं. रोगी घरी गेला की त्याची फाइल या खोलीत यायची. प्रत्येक आजाराला एक क्रमांक असतो. जाडजूड पुस्तकातून तो शोधून फाइलीवर घालायचा, मग फाइल बंद. हे काम एक चष्मेवाल्या बाई करायच्या. त्यांना सगळे आकडेबाई म्हणत. नवरासुद्धा फोनवर विचारायचा, "आकडेबाई आहेत का हो जागेवर?"

आकडेबाईंना रोग ठरवायची मुभा नव्हती. तो मान डॉक्टरांचा. रक्ताच्या कागदावर काही भलतंच दिसलं आणि डॉक्टरांनी त्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नसलं, तर चिठ्ठी पाठवायची : 'हे पाहिलंत का?' चिठ्ठी चार-चार दिवस परत यायची नाही. डॉक्टर वैतागायचे, फायली साचायच्या आणि मोठे बाबू डोक्यावर बसायचे. अशा वेळी मी होतो. मला मारलं की एक गोळाबेरीज क्रमांक पडायचा आणि फाइल मांडणीवर जायची. तिथून पुढे तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

"नरो वा कुंजरो वा, आणि काम फत्ते!" मोठे बाबू माझी पाठ थोपटत म्हणायचे. "हा आपला हुकमाचा एक्का." मीही फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

मग ती दुपार आली. महिनाअखेर होती. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची फाइल समोर होती. हर्नियाच्या ऑपरेशनला आला आणि तिसऱ्या दिवशी घरी गेला. त्याच्या रक्तात कॅल्शियम होतं बारा पूर्णांक आठ; असायला हवं साडेदहाच्या आत. आकडेबाईंनी त्या आकड्याभोवती लाल शाईनं गोल केला. चिठ्ठी ओढली, 'डॉक्टरसाहेब, हे' एवढं लिहिलं.

"बाई, अजून किती?" मोठे बाबू ओरडले.

"ही एक विचारायची होती."

"हर्नियाला आला, हर्निया बरा होऊन गेला. कॅल्शियमचं काय लोणचं घालायचंय? मारा शिक्का!"

बाईंनी चिठ्ठी चुरगाळली आणि मला उचललं. मी नेमका त्या ओल्या लाल गोलावर पडलो. पुढच्या रोग्याच्या कागदावर माझ्या अक्षरांबरोबर एक फिकट लाल गोल उमटला. त्याच्या पुढच्यावर आणखी फिकट. "मेला, घाण करतोय," म्हणत बाईंनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. मित्रांनो, शाई गेली. पण तो गोल माझ्या तोंडावर आहे हे मला त्या दिवसापासून कळत होतं. प्रत्येक कागदावर टेकताना तो जाणवायचा.

बाईंनाही जाणवत असावा. काम करता करता त्या मधेच थांबायच्या, मला उलटा करून माझ्या तोंडाकडे बघायच्या. त्यांच्या हातातलं घड्याळ बंद पडलं, ते त्यांनी दुरुस्तीला टाकलं नाही. बंद घड्याळ मनगटावर घेऊन त्या कितीतरी महिने कामाला येत राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "टाकीन हो सवडीनं."

आठ महिन्यांनी एक मुलगी दारात आली. घड्याळवाल्याची लेक.

"मॅडम, बाबा वर वॉर्डात आहेत. नुसते खुर्चीतून उठले तर मांडीचं हाड मोडलं. कॅल्शियम पंधरावर गेलंय आणि किडन्या थकल्यात. डॉक्टर विचारतात, हे नवं की जुनं? एकदम वाढलं असेल तर कॅन्सरचा संशय जास्त. जुनं असेल तर गळ्यातल्या बारक्या गाठीमुळेही होतं म्हणे, आणि ती काढता येते. आधीचा रिपोर्ट असेल तर बघता का?"

बाई मांडणीमागे गेल्या. हातात मी तसाच होतो. फाइल लगेच मिळाली. मोठे बाबू मागोमाग आले आणि कुजबुजले, "सापडत नाही म्हणून सांगा. आळीमिळी गुपचिळी! गोल तुमच्या हातचा आहे, सही तुमची आहे. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. तक्रार झाली तर मी मध्ये पडणार नाही, सांगून ठेवतो."

बाईंच्या तळव्याला असा घाम सुटला की माझी मूठ ओली झाली. मलाही वाटलं, मित्रांनो, नका दाखवू. मी भ्यालो होतो.

बाई बाहेर आल्या. "हे बघ. बारा पूर्णांक आठ, आठ महिन्यांपूर्वीचं. म्हणजे जुनं आहे. पळ, आधी डॉक्टरांना दाखव."

मुलीचं बोट गोलावर थांबलं. "हा कुणी केला?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. विचारणार होते. मग शिक्का मारला."

"बाबा दिवसभर पाणी पाणी करायचे," मुलगी म्हणाली. "आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. कागद छातीशी धरून धावत गेली.

गाठ गळ्यातच निघाली. ऑपरेशन झालं आणि माणूस वाचला. पण किडन्या सावरल्या नाहीत. आता आठवड्यातून तीनदा त्याला मशीनवर झोपावं लागतं, आणि थरथरत्या हातांनी घड्याळाचा स्क्रू काही धरता येत नाही.

मुलगी पुन्हा एकदा आली, कागदांच्या नकला न्यायला. जाताना म्हणाली, "तक्रार करायची की नाही, ते अजून ठरवलं नाही. एवढंच सांगा, हा शिक्का अजून किती जणांवर मारलाय?"

बाईंनी मोठ्या बाबूंकडे पाहिलं. ते एकदम कागदात बुडाले. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला कुठं मोजता येतं? मला फक्त उमटता येतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोजचं काम उरकलं की एकेक मांडणी उपसू लागल्या. मी दिसलो की फाइल बाजूला काढायच्या, डॉक्टरांना चिठ्ठी लिहायच्या.

"बाई, कशाला गाडलेली मढी उकरताय?" मोठे बाबू म्हणाले.

"मढी व्हायच्या आत उकरतेय," बाई म्हणाल्या.

मला खणात टाकलं आहे. फाइल उघडल्याचा आवाज आला की मी दचकतो. ती माझीच असते. काल चिठ्ठीवर डॉक्टरांचं उत्तर आलं : 'ताबडतोब बोलवा.' बाईंनी त्या घरी फोन लावला आणि विचारलं, "आहेत का घरी?" पलीकडचं ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "केव्हा?"

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला वापरा. माझी विनवणी उलटी आहे. माझं तोंड कोरडं राहू द्या. एखादी गोष्ट कळली नाही, तर तिच्यावर शिक्का मारून मोकळे होऊ नका. विचारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा, लोक वैतागले तरी विचारा. कागद वाट बघतो हो, माणसाला तेवढी सवड नसते.