चौदाव्या नियमाची जागा

त्या इस्पितळात तिला सगळे ‘भिंतवाल्या बाई’ म्हणायचे. कॉम्प्युटरांत बाहेरचं कोणी घुसू नये आणि आतल्या कोणत्या यंत्राने कोणाशी बोलावं, हे ठरवणारी फायरवॉल ती अकरा वर्षं सांभाळत होती. काम दिसायला सोपं, पण त्यात एक मेख आहे. फायरवॉल नियम वरून खाली वाचते, पहिला लागू पडेल तो धरते आणि पुढचे वाचायचे कष्टच घेत नाही. म्हणजे कोणता नियम कोणाच्या डोक्यावर बसलाय, यावर सगळा खेळ.

‘जुन्या यंत्रांनी कुणाशीच बोलायचं नाही’ हा तिथला पंधरावा नियम. लॅबमधलं रक्त तपासायचं यंत्रही जुनंच, म्हणून त्याच्यापुरती सवलत तिने मुद्दाम चौदाव्या जागी बसवली होती: या यंत्राने ऑपरेशन थिएटरच्या पडद्यावर निकाल पाठवावा.

मग विभागाच्या साहेबांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. जो नियम जास्त वेळा लागतो तो ते दर तासाला आपोआप वर सरकवायचं, म्हणजे फायरवॉल चपळ चालते. एक नियम दुसऱ्याला झाकणार असेल तर ते आधी इशारा द्यायचं आणि तो कोणी वाचेपर्यंत थांबायचं. पहिल्याच दिवशी तीनशेवर इशारे आले.

“ही कटकट बंद करा,” साहेब म्हणाले.

“साहेब, कामाची तीच आहे. मला आठवडा द्या, एकेक वाचून काढते.”

“सगळं तुम्हीच वाचणार, तर हे आणलं कशाला?” असं म्हणून साहेबांनी स्वतःच्या हाताने इशारे बंद केले. तिने लेखी हरकत पाठवली. उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाला लॅबमधून फोन आला. तिथले जुने तंत्रज्ञ, सगळ्यांचे काका, धापा टाकत बोलत होते. “बाई, माझा निकाल वर पोचत नाही. थिएटरमध्ये माणूस टेबलावर आहे. मी कागद घेऊन पळतोय, तुम्ही बघा.” गुडघेदुखीचे काका तीन जिने चढून गेले.

तिने यादी उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी यंत्रं दिवसभर हजारो वेळा दार ठोठावत, म्हणून त्यांना अडवणारा नियम वर नवव्या जागी जाऊन बसला होता. रक्ताच्या यंत्राचे निकाल दिवसाला जेमतेम वीस, म्हणून सवलत एकसष्टाव्या जागी. तिने ती उचलून वर ठेवली. पडदा सुरू झाला. अकरा वाजले, सॉफ्टवेअरने पुन्हा सगळं होतं तसं करून ठेवलं. मग तिने सॉफ्टवेअरच बंद केलं, कुणालाही न विचारता.

काकांच्या कागदामुळे रुग्ण वाचला. पण रक्त चढवायला वीस मिनिटं उशीर झाला होता, त्यामुळे चौकशी लागली. बुधवारी साहेबांनी तिच्यापुढे अहवाल ठेवला. ‘कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नियमांचा क्रम बिघडला. नंतर परवानगीशिवाय यंत्रणा बंद केली.’

“सही करून टाका. साधा ठपका आहे, वर्षभरात कोणी विचारणारही नाही.”

तिने पेन टेबलावर ठेवलं. “मी नियम हलवला नाही. हलू नये म्हणून भांडले. सही करणार नाही.”

घरी नवरा म्हणाला, “साहेबांशी वाकडं घेऊन तिथेच काम करायचंय तुला.” ती उठून आपल्या हरकतीची प्रत शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला त्या ऑपरेशनच्या सर्जनबाई बसल्या होत्या. साहेब बराच वेळ ‘मानवी चूक’ समजावून सांगत होते. त्यांना थांबवून सर्जनबाई म्हणाल्या, “मला एवढंच सांगा, माझा पडदा कोणी कोरा केला?”

ती उठली. सॉफ्टवेअर आपली रोजची नोंद ठेवायचं. तिने ती मोठ्याने वाचली: कोणत्या वारी, किती वाजता, कोणाच्या नावाने इशारे बंद झाले. मग स्वतःची हरकत वाचली, तारखेसकट. वाचताना तिचा आवाज कापत होता. घाबरली असं साहेबांना वाटलं असेल, पण तो निव्वळ संताप होता.

अहवाल बदलला. साहेबांना तोंडी समज मिळाली, एवढंच. इशारे पुन्हा सुरू झाले, आणि तिने वाचून होकार दिल्याशिवाय एकही नियम हलणार नाही असं ठरलं. तिची माफी कोणी मागितली नाही.

जिन्यात साहेब भेटले. “तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत. माणूस वाचला ना शेवटी?”

“काकांच्या गुडघ्यांवर वाचला, साहेब. आणि मेला असता तर तुमच्या अहवालात नाव माझं होतं.”

साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि ते खाली उतरले. ती कठड्याला धरून तिथेच उभी राहिली. राग उतरायला बराच वेळ लागला, आणि खरं तर तो पुरता उतरलाच नाही.