तिकडचं आभाळ

बाबांनी विमानाचं नाक किंचित खाली केलं आणि लेकीच्या शहरावर एक गिरकी घेतली. पडद्यावर ढगाचं नाव नव्हतं. खालची नदी उन्हात चकाकत होती.

"तिकडे लख्ख ऊन आहे म्हणावं," ते मान न वळवता म्हणाले.

आई फोन कानाला लावून दारात उभी होती. "तुम्हीच सांगा की. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

बाबांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. लेक नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा, "गेलीस तर परत येऊ नकोस," असं ते रागाच्या भरात बोलून बसले होते. लेकही त्यांचीच. दोन वर्षं झाली, आली नाही. फोन आईला करायची, बापाशी अबोला. तेव्हापासून दर सुट्टीला ते संगणकावर हे विमान काढत. खेळच, पण त्यात हवामान खरं यायचं. तिकडे धुकं तर पडद्यावर धुकं, तिकडे पाऊस तर इथेही पाऊस. घरं काही धड दिसत नसत, सगळी नुसती खोकी. पण आभाळ तिच्या डोक्यावरचंच होतं. तेवढं बघितलं की त्यांना आठवडा ढकलता यायचा.

"बाबा म्हणतायत, तिकडे ऊन आहे," आईने फोनमध्ये सांगितलं आणि हसली. "अहो, विमान भरकटलंय म्हणते तुमचं. धो धो कोसळतोय, नखशिखांत भिजलीय म्हणे."

"शक्यच नाही!"

बाबांनी नकाशा तपासला. हवामान बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच ऊन. इकडे मात्र पाऊस गॅलरीतले कपडे झोडपत होता.

"जरा स्पीकरवर टाक."

तेवढ्यात वीज कडाडली. गॅलरीचं दार थरथरलं आणि त्याच क्षणी फोनमधूनही तोच कडकडाट आला.

"अगंबाई, कपडे!" म्हणत आई फोन टेबलावर टाकून धावली. तिच्या काही लक्षात आलं नाही. बाबांनी फोन उचलला.

"कुठे उभी आहेस?"



"कोपऱ्यावर. औषधांच्या दुकानापाशी."

"कधीची?"

"झाला बराच वेळ. जिना चढवेना, बाबा."

"वेडी का गं तू? बापाचं बोलणं कुणी एवढं मनावर घेतं?"

ती रडत होती बहुतेक.

"तिथेच थांब. हलू नकोस. आलोच."

बाबांनी चपला पायात कशाबशा अडकवल्या आणि दार सताड उघडं टाकून ते निघाले. मागे पडद्यावर विमान एका अंगाला कललं, धोक्याची घंटा वाजायला लागली. ओले कपडे छातीशी धरून आई आत आली.

"अहो, विमान!"

"पडू दे," जिन्यातून आवाज आला.