रिकामी आहे, तरी चैन नाही

मी वासरांना दूध पाजायची बाटली. अंगाने जाड, पांढरी, दोन लिटरची. तोंडाला लाल रबरी निपल. हल्ली गोठ्याच्या भिंतीवर उलटी टांगलेली असते.

माझं काम सरळ होतं. गाय व्याली की दुसऱ्या दिवशी वासरू तिच्यापासून वेगळं करायचं. तिचं दूध विकायला जायचं आणि वासराला माझ्यातून पाण्यात कालवलेली दुधाची पावडर मिळायची. मालकाच्या चौदा गाई. माणूस निर्दय नव्हता; एखादीला ताप आला तर त्याला जेवण जायचं नाही. पण पलीकडे गाय वासरासाठी हंबरत असली की तो रेडिओ मोठा करायचा, हे मी पाहिलंय.

त्याची एकुलती एक मुलगी जनावरांची डॉक्टर होऊन घरी परतली. वासरांना पाजायचं काम तिने आपणहून घेतलं. त्यात एक वाकड्या कानाचा गोऱ्हा होता, नर वासरू. दूध संपलं की मला सोडून तो तिची बोटं चोखत बसायचा. नवव्या दिवशी ती मला भरून घेऊन आली, तर त्याची जागा झाडून स्वच्छ केलेली.

"बाबा, गोऱ्हा कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

तो दावं गुंडाळत राहिला. "डॉक्टर आहेस ना तू? गोऱ्ह्यांचं काय होतं ते मी सांगायला हवं का?"

तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिला तिथे उभं राहवेना. मला हातात धरून ती तशीच रस्त्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

मांस तिने कॉलेजातच सोडलं होतं. त्या दिवसापासून दूध, दही, तूपही सोडलं.

"अगं, दूध पिऊन कुणाचा जीव जातो का?" आई म्हणाली.

"जातो, आई. फक्त आपल्यासमोर जात नाही."

वडील गोठ्याच्या दारातून ऐकत होते. "आईचं दूध आटलं तेव्हा याच गोठ्यातल्या गाईंवर वाढलीस. या गाईंच्या जिवावर डॉक्टर झालीस. आता तेच वाईट ठरलं? मग मी जन्मभर काय केलं, तेवढं सांग."



बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती वाचायची, स्वतःच्या चामड्याच्या बुटांकडे बघून ओशाळायची आणि दुसऱ्याच क्षणी वडिलांवर डाफरायची. एका दुपारी गोठ्यात कुणी नव्हतं. गाळणीवर साय जमली होती. तिने ती बोटाने चाटली. मग हात धुतला, पुन्हा धुतला, मला घासायला घेतलं आणि घासतच राहिली. "हे मी गाईंसाठी करतेय, की बाबांवरचा राग काढतेय?" असं ती पुटपुटली. ऐकायला मी एकटीच होते.

पुढच्या महिन्यात दुसरी गाय व्याली. पुन्हा गोऱ्हाच. सकाळी मालकाने मला खाली काढलं, निपल अंगठ्याने दाबून पाहिलं आणि परत टांगलं.

"राहू दे त्याला आईजवळ," तो मुलीकडे न बघता म्हणाला. "त्याचं पिऊन उरेल ते काढू."

त्या गाईचं दूध निम्म्यावर आलं. तो कुरकुरला, पण शब्द फिरवला नाही. नंतरची वासरंही आयांजवळच राहिली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. तो गोऱ्हा आता वर्षाचा झालाय. खाणं दांडगं, दोनदा कुंपण मोडलंय. काल मालक वैतागून म्हणाला, "याचं आता करायचं काय? जन्मभर पोसायचा?"

"मला ठाऊक नाही, बाबा," ती म्हणाली. तिने त्याने धरलेल्या चाऱ्याच्या पाटीची दुसरी कडा उचलली. बापलेक पाटी घेऊन गोऱ्ह्याकडे चालू लागले.

माझ्या निपलला चिरा पडल्यात. कामासाठी घडवलेल्या जिवाला असं रिकामं लटकणं सोसत नाही. पुन्हा हातात घेतलं जावं असंही वाटतं आणि नकोसंही होतं. पण कधी मला खाली काढायची वेळ आलीच, तर दूध भरण्याआधी एवढं विचारा : या वासराची आई कुठे आहे?